बुटाचा सांडवा

बुटाच्या खोक्यावर ‘जलरोधक’ असे छापणाऱ्या प्रत्येक उत्पादकाला न्यायालयात उभे करावे, असे माझे ठाम मत आहे आणि ते मी संबंधितांना वेळोवेळी लेखी कळवलेले आहे. उत्तर आजवर एकाचेही आलेले नाही. या प्रकरणी माझ्या बाजूने साक्ष देण्यास सर्वांत लायक व्यक्ती म्हणजे आमच्या शेजारच्या वसुंधरा देशकर. बूट त्यांनी विकत घेतला होता, पाय त्यांचा भिजला होता, आणि पाण्याविषयी बोलण्याचा त्यांच्याइतका अधिकार साकेत नगरात दुसऱ्या कोणाला नव्हता. मी नोटिशीचा मसुदा घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि सही न करता परत दिला. “सबनीस, भाषा छान आहे. पण हे खरं नाही.” त्या दिवशी मी इतका संतापलो की चहा न घेता उठलो.

देशकरबाई पाटबंधारे खात्यात अभियंता होत्या. त्यांचे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले ते इथलेच झाले. मी विधी विभागात होतो. टी. टी. नगरमधल्या आमच्या कचेऱ्या एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर असूनही आमची ओळख झाली ती दोघेही निवृत्त होऊन शेजारी राहायला आल्यावर. बुटकी, रुंद बांध्याची बाई. पांढरे केस मुलासारखे कापलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बोलणे मराठीत सुरू होई, हिंदीत वळे आणि चिडल्यावर थेट नागपुरात जाऊन “काहून हो?” असे उतरे. कोणतीही तक्रार घेऊन त्यांच्याकडे गेले की त्या प्रथम विचारत, “पाणी येतं कुठून?” समोरच्याची तक्रार पाण्याची नसली तरीही.

आमच्या जिन्यात एके वर्षी छतातून पाणी टपकू लागले. ठेकेदार म्हणाला, गच्चीवर डांबर टाकावे लागेल. मी गृहनिर्माण संस्थेला, ठेकेदाराला आणि महापालिकेला सविस्तर पत्रे लिहिली. कलमांचे दाखले दिले. देशकरबाईंनी किराणा दुकानातून कपड्यांना देतात ती नीळ आणली, वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात बादलीभर निळे पाणी ओतले आणि खाली येऊन जिन्यात स्टूल टाकून बसल्या. येणारेजाणारे विचारत, “मॅडम, यहाँ क्यों बैठी हैं?” त्या म्हणत, “राह देख रही हूँ.” दुपार कलताना त्यांच्या पुढ्यात एक निळा थेंब पडला. त्या उठल्या, स्टूल उचलले आणि ठेकेदाराला म्हणाल्या, “भैया, डामर रहने दो. वरची मोरी बघा.” माझी पत्रे अजून संस्थेच्या विचाराधीन आहेत.

यजमान गेल्यानंतर त्यांनी सायकल घेतली. तीही साधी नव्हे; जाड टायरची, पुढे धक्के शोषणारा काटा असलेली, डोंगरवाटांवर चालवण्याची. केरवा धरणाच्या पलीकडे टेकड्या आहेत, दगडगोटे आणि सागवानाचे जंगल आहे. तिथे त्या आठवड्यातून दोनदा जाऊ लागल्या. वयाच्या त्या टप्प्यावर त्यांच्या मैत्रिणी भजनी मंडळात होत्या. कोणी टोकले की त्या म्हणत, “कालव्याच्या कडेनं जन्मभर जीपमधून फिरले. आता रस्ता मला स्वतःला बघू दे.” टी. टी. नगरच्या बाजारात सायकलींचे दुकान चालवणारा इमरान दर जानेवारीत या टेकड्यांतून एक सामूहिक फेरी काढतो. त्या फेरीत त्या सर्वांत वयस्क असत, आणि सर्वांत मागेही असत. दुसऱ्या गोष्टीचे त्यांना काहीही वाटत नसे.

अडचण अशी होती की त्यांना मधुमेह होता आणि पायांच्या बोटांतली जाणीव हळूहळू जात चालली होती. ज्या जानेवारीपासून हे प्रकरण सुरू होते, त्या फेरीत मावठ्याचा पाऊस लागला. आमच्याकडची थंडी कोरडी असते तोवर सोसते. मावठा आला की ती हाडात शिरते. बाई दिवसभर भिजलेल्या बुटात सायकल चालवत राहिल्या. घरी येऊन मोजा काढला तेव्हा त्यावर रक्त होते. बुटाच्या आतली शिवण करंगळीला घासत राहिली होती आणि त्यांना कळलेही नव्हते. ती जखम भरायला उन्हाळा उजाडला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की अशी जखम पुन्हा झाली तर बोट वाचेल याची हमी नाही. पुण्याहून त्यांची मुलगी मुक्ता आली आणि तिने अट घातली: पायाला पुन्हा एक ओरखडा जरी दिसला, तरी सायकल विकायची.

“कबूल,” बाई म्हणाल्या.

मुक्ताला इतक्या सहज होकाराची अपेक्षा नव्हती. “कबूल म्हणजे? तू जाणारच आहेस परत?”

“डॉक्टर म्हणाले जखम होऊ देऊ नका. सायकल चालवू नका असं ते म्हणाले नाहीत. हो की नाही, सबनीस?”

कायद्याच्या वाचनाचा इतका निर्दोष नमुना मी भल्याभल्या वकिलांकडे पाहिलेला नाही. मी मान डोलावली. मुक्ताने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी अजून विसरलेलो नाही.

पुढचा सगळा पावसाळा बाईंनी बुटाच्या शोधात घालवला. या शोधात मी साथीला होतो, कारण मोटार माझी होती. इमरानच्या दुकानात त्या मुद्दाम संध्याकाळी जात. दिवसभरात पाय सुजतो, सकाळी बरोबर बसणारा बूट संध्याकाळी चावतो, आणि चावलेले त्यांना कळणार नव्हते. म्हणून त्यांनी वर्तमानपत्रावर पाऊल ठेवून त्याची आकृती कापून घेतली होती. बूट पायात घालण्याआधी त्या तो कागद आत सरकवत. कागदाची कड कुठे दुमडली की बूट बाद.

“चाची, ये वाला देखो,” इमरान म्हणाला. त्याच्या हातात नालासारखी लोखंडी पट्टी बसवलेले बूट होते. ती पट्टी पायडलमध्ये अडकते आणि पाय निसटत नाही. “सारे लौंडे यही पहन रिये हैं. पाँव चिपक जाता है.”

“चिपकला की नाही ते मला कळायला नको? आणि लोखंड खालून थंडी ओढणार. स्क्रूच्या भोकातून पाणी वेगळंच. सपाट तळव्याचा दे.”

“तो फिर एक नंबर छोटा लो, ऊपर से दो मोटे मोजे. ठंड की माँ मर जाएगी.”

“दो मोजे ठूसूँगी तो खून कहाँ से जाएगा? रक्तच पोचलं नाही तर पाय गरम कशानं होईल, बेटा? बोटं आत हलली पाहिजेत.”

इमरानने माझ्याकडे पाहून हात जोडले. “खां वकील साहब, चाची को आप जूता दिलाने लाए हो या मेरा इम्तिहान लेने?” मी वकील नाही, हे मी त्याला अनेकदा सांगितले आहे. तो ऐकत नाही.

शेवटी एक जोड ठरला. घोट्याच्या वर येणारा, सपाट आणि मऊ रबरी तळव्याचा, पुढे दगड लागू नये म्हणून टणक टोपण असलेला, एका जाड लोकरी मोज्यासाठी आत जागा ठेवणारा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत तो शब्द होता. किंमत ऐकून मी पावती नीट जपून ठेवण्याचा आग्रह धरला.

पावसाळ्याच्या अखेरीस बाईंनी ते बूट घालून पहिली फेरी मारली आणि दोन्ही पाय घोट्यापर्यंत चिंब करून परतल्या. आता मात्र माझा संताप अनावर झाला. नागरिकाने ऐपतीबाहेरचा खर्च करावा, छापील शब्दावर विश्वास ठेवावा आणि बोट गमावण्याची पाळी यावी, ही गोष्ट कायद्याचे राज्य असलेल्या देशात खपवून घेता येत नाही. मी त्याच संध्याकाळी नोटीस तयार केली. सही मिळाली नाही हे आरंभीच सांगितले आहे. ती का मिळाली नाही हे दुसऱ्या दिवशी त्यांच्या गॅलरीत कळले.

तिथे निळीच्या पाण्याने भरलेली बादली होती. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, वर वीट ठेवून, बाईंनी तो घोट्याखालपर्यंत पाण्यात बुडवून ठेवला होता. दुपारी त्यांनी बोळे काढून दाखवले. कागद पांढरा, कोरडा.

“बघा. बूट गळत नाही. खोक्यावर लिहिलंय ते खरं आहे.”

“मग पाय भिजले कसे?”

त्यांनी मोजा चढवून बूट पायात घातला, स्टुलावर बसल्या आणि नडगीवरून मगभर निळे पाणी सोडले. ते पायावरून ओघळत मोज्यात आणि मोज्यातून बुटात गेले. त्यांनी पाय काढला आणि बूट उलटा केला. निळी धार गॅलरीत पसरली.

“पाणी वरून आलं. आणि बाहेर जायला वाट नाही म्हणून आतच राहिलं. बूट कसला, टाकी आहे ही. तुमची नोटीस गेली असती ना, तर त्यांच्या वकिलानं आपल्याला हसत हसत घरी पाठवलं असतं.”

“तरीही, ग्राहकाची समजूत काय होते हा प्रश्न उरतोच,” मी म्हणालो. मी अजूनही तो मुद्दा सोडलेला नाही.

त्या उठून आत गेल्या आणि विणकामाची जाड सुई गॅसवर लाल करून घेऊन आल्या. काय होणार आहे हे माझ्या लक्षात येईपर्यंत त्यांनी बूट मांडीत घेतला होता.

“देशकरबाई, थांबा! हा पुरावा आहे!”

“सबनीस, हा बूट आहे.”

तळव्याच्या खोलगट भागाशी, आतल्या बाजूला, तळाच्या जरा वर त्यांनी सुई टोचली. रबर जळल्याचा उग्र वास आला. दुसऱ्या बुटालाही त्यांनी तसेच भोक पाडले आणि फुंकर मारून पाहिली. वॉरंटीचे कार्ड माझ्या खिशात होते. ते मी तिथेच टीपॉयवर ठेवून दिले.

“धरणाला सांडवा ठेवतात,” सुई पुसत त्या म्हणाल्या, “तो धरण फुटकं आहे म्हणून नाही. पाणी वाढणार हे आधीच मान्य केलेलं असतं, म्हणून त्याला जायला वाट करून ठेवतात. वरून येणारं मी कमी करीन. पावसाळी विजार बुटाच्या बाहेरून घालीन, घोट्याशी पट्टा बांधीन, चाकाला चिखलपट्टी लावीन. तरी येईल ते निघून जाईल. लोकर ओली असली तरी ऊब धरते, फक्त ती डबक्यात बुडलेली नको.”

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. पायाला कळत नाही तर डोळ्यांनी बघायचे, असा त्यांनी नियम केला. प्रत्येक विसाव्याला बूट काढायचे, पाय टॉवेलने टिपायचे, हातातल्या छोट्या आरशात तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहायच्या, मोजे बदलायचे, मगच पुढे. या नियमाची त्यांनी दिवाळीपर्यंत बागेत इतकी तालीम केली की शेजारच्या बाकावर बसलेले लोक उठून जाऊ लागले.

जानेवारी आला आणि इमरानने त्यांचे नाव फेरीच्या यादीत घेतले नाही. मग मी लिहिले. बारा परिच्छेदांचे पत्र होते. मनमानी, भेदभाव आणि सुनावणीचा अधिकार या तिन्ही मुद्द्यांचा त्यात परामर्श घेतला होता. इमरान ते हातात घेऊन माझ्या दारात आला.

“अमां खां, नोटिस काहे को ठोंक दिया? चाची को कौन रोक रिया है? पिछली बार का घाव मैंने देखा है. कुछ हो गया तो मैं मुक्ता बाजी को क्या मुँह दिखाऊँगा?”

वाद बराच झाला. निष्कर्ष असा निघाला की बाई येतील, पण डांबरी रस्ता ज्या ओढ्यापर्यंत पोहोचतो तिथे एक मोटार, सुके कपडे आणि एक जबाबदार प्रौढ व्यक्ती हजर असली पाहिजे. ती व्यक्ती कोण हे विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

त्या दिवशीही मावठा आला. मी ओढ्याकाठी मोटारीत बसून होतो. काचा धुरकटल्या होत्या. ओढा ओलांडला की फक्त एक चढ उरतो, आणि माथ्यावर चहा, पोहे आणि फेरीची समाप्ती. तरुण मंडळी चिखल उडवत पुढे गेली. बऱ्याच वेळाने बाई आल्या, सोबत इमरान. ओढा ओलांडताना बूट बुडाले. काठावर येताच दोन्ही भोकांतून पाण्याच्या बारीक धारा निघाल्या. मला नाइलाजाने समाधान वाटले. त्या दगडावर बसल्या, बूट काढले, आरसा धरला आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

“लाल निशान है,” त्या म्हणाल्या. “करंगळीच्या बाजूला.”

इमरान वाकला. “चाची, कटा तो नईं है. बस ये चढ़ाई है, ऊपर चाय बन रई है.”

“मैं यहीं रुकूँगी.”

मला राहवले नाही. “अहो, समोर माथा दिसतोय. मी त्या इमरानशी भांडून परवानगी मिळवली ती इथे बसण्यासाठी?”

“जायला परवानगी लागली. थांबायला कोणाची लागत नाही.” त्यांनी आरसा खिशात ठेवला. “पुढच्या जानेवारीत मला हे बोट पाहिजे, सबनीस. दार उघडा.”

मी दार उघडले. वरच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. त्या सीटवर बसल्या, पाय टॉवेलने टिपले आणि माथ्याकडे बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी होते की पाऊस, हे मी पाहिले नाही. काही तरी करावे म्हणून मी हीटर त्यांच्या पायांवर वळवला. त्यांनी तो ताबडतोब बंद केला. “भाजलेलं पण कळणार नाही मला.”

पुढच्या रविवारी मुक्ता येऊन धडकली. तिने आईला गॅलरीत उन्हात बसवले, गुडघ्यावर बसून पाऊल हातात घेतले आणि एकेक बोट उलगडून पाहिले. डाग दोन दिवसांतच मावळला होता.

“इमरानभाई म्हणाले तू चढाच्या आधी उतरलीस.”

“हो.”

“स्वतःहून? सगळे वर गेलेले असताना?”

“मग काय, तू पुण्याहून येऊन उतरवणार होतीस?”

मुक्ता हसली नाही. आईचे पाऊल तिने मांडीवरच ठेवले होते. “आई, मला वाटलं होतं तू पाय गेला तरी थांबणार नाहीस. मी त्यालाच घाबरत होते.” सायकल विकण्याचा विषय तिने त्या दिवशी काढला नाही आणि पुढेही कधी काढला नाही.

डाग कसा पडला याचा छडा बाईंनी आठवडाभरात लावला. चूक इमरानची नव्हती, कंपनीचीही नव्हती. कागदाची आकृती त्यांनी अनवाणी पावलाची कापली होती. लोकरी मोजा घातल्यावर पाऊल करंगळीकडे रुंद होते हे मोजमापात आलेच नव्हते. “चाळीस वर्षं पाणी मोजलं आणि मोजा विसरले,” त्या म्हणाल्या आणि मोजा घालून नवी आकृती कापायला बसल्या. आणखी मोठ्या मापाचा जोड आला. गॅस पेटला, सुई तापली. त्या वेळी मी वॉरंटीचे कार्ड मागितलेही नाही.

तो पुढचा जानेवारी त्यांचा भोपाळमधला शेवटचा ठरला. त्याच उन्हाळ्यात मुक्ताने त्यांना पुण्याला नेले, सायकलीसकट. तिथे टेकड्या भरपूर आहेत असे त्या फोनवर सांगतात. मी शहानिशा केलेली नाही. माझ्या मनात त्या राहिल्या आहेत त्या त्याच ओढ्याकाठच्या.

त्या शेवटच्या फेरीतही पाऊस होता, झोंबणारा वाराही होता. मी मोटारीचे मागचे दार आधीच उघडून, टॉवेल हातावर टाकून उभा होतो. त्या ओढ्यातून आल्या आणि दगडावर बसल्या. या खेपेला तरुण मंडळीही थांबली होती. त्यांना कोणी सांगितले नव्हते. इमरानने सायकल धरली होती. बाईंनी उजवा पाय पाहिला, डावा पाहिला, आणि करंगळीपाशी पुन्हा एकदा थांबल्या. मग सुके मोजे चढवले, बुटाच्या नाड्या सावकाश बांधल्या आणि उठून इमरानच्या हातातून सायकल घेतली.

“दार लावून घ्या, सबनीस,” त्या म्हणाल्या. “सीट भिजतेय.”

पायडलवर उभ्या राहून त्या चढाला लागल्या. मी दार लावून घेतले.